वेगळी चूल मांडलेला गिटारवाला

रामश्टाईन या जर्मन बँडचा गिटारवाला रिचर्ड क्रुस्पे याने ‘एमिग्रेट’ नावाने वेगळी चूल मांडली. 2007 साली पहिला अल्बम आला, त्याचं नावही तेच. गिटार त्याची, गळाही त्याचाच, आणि गाणी इंग्रजीत. जगाने त्यावर काय मतं दिली असतील ती देवो. मी सांगलीतली गोळा केलीत आणि मला ती जास्त वजनदार वाटतात.

भाचा रामश्टाईनचा कट्टर. त्याचा निकाल तयारच होता. “मामा, दणका आहे, पण टिल नाही. मग काय उपयोग?” टिल म्हणजे रामश्टाईनचा गायक. एकट्याचा अल्बम ऐकताना लोक आधी नसलेल्यांना शोधतात. वेगळं राहायला गेलेल्या भावाकडे जेवायला आलेला पाहुणा पहिला भुरका मारतो तोच थोरल्या घरच्या आमटीची चव आठवत.

मावशीने लसूण सोलता सोलता अर्धं गाणं ऐकलं आणि विचारलं, “हा एकटाच का गातोय रे? भांडण झालं का?” बाई नेमकं बोलल्या. रामश्टाईनचा ‘मुटर’ (2001) हा अल्बम करताना बँडमध्ये बराच ताण होता. क्रुस्पेला सगळं स्वतःच्या मनासारखं हवं असायचं, हे त्यानेच पुढे मान्य केलंय. मग तो हट्ट पुरवायला त्याने बाजूला जागा केली आणि बँड शाबूत ठेवला. 1994 पासून तेच सहा जण. आमच्याकडे एवढ्यावर बांधाची मोजणी झाली असती.

शेजारचा पोरगा कुपवाड एमआयडीसीत पत्रे दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर असतो. म्हणाला, “भावा, ह्ये तर मी आठ तास ऐकतोय की. वर पगार मिळतोय.” आम्ही हसलो. पण तो उठला नाही. टेबलावर बोटाने ठेका धरून बसला आणि गाणं संपल्यावर बोलला, “प्रेस लई नीट चाललाय ह्याचा. एकदाबी अडकंना.” यंत्रांसारखा ठोका धरणाऱ्या या संगीताची, म्हणजे इंडस्ट्रियल रॉकची, याहून नेटकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

मिरजेत एका तंतुवाद्यवाल्यांकडे गेलो होतो, तिथेही मोबाईल काढलाच. ते तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, कानसत होते. घोडीचा माथा असा घासायचा की तार त्याला निसटती लागली पाहिजे. वर तारेखाली सुताचा धागा मागेपुढे सरकवून गुंजन कुठे फुलतं ते बघायचं. हीच जव्हारी: गुंजन मोकळं तर खुली, दबलेलं तर बंद. तार कोरी करकरीत वाजली तर तो तंबोरा कुणी घेणार नाही. तेव्हा गिटारचा फाटका आवाज ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. कानस थांबवून त्यांनी दोन गाणी पुरी ऐकली. “गिटारची जव्हारी खुली आहे,” म्हणाले, “गळ्याची मात्र बंद.”

भाच्याला सांगितलं तर तो उड्याच मारायला लागला. मला अजूनही पटलेलं नाही. ‘न्यूयॉर्क सिटी’ हे गाणं त्याच शहरात मुक्काम टाकलेल्या या माणसाने टिलसारखी गर्जना करत म्हटलं असतं, तर मी ते अर्ध्यातच बंद केलं असतं.