वापर शून्य, तरी बिल चालू

इंग्लंडमध्ये, लीड्सला, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आजींचं जानेवारीचं गॅसचं बिल मी काल त्यांना वाचून दाखवलं. वय ऐंशीच्या पुढे, बारीक अक्षर दिसत नाही. महिनाभर त्यांनी हीटिंग लावलंच नव्हतं. अंघोळीपुरतं पाणी तापवायचं आणि बॉयलर बंद. दिवसा लायब्ररीत जाऊन बसायचं, रात्री इलेक्ट्रिक ब्लँकेट. तरी बिलात जवळपास दहा पौंडांची एक ओळ होतीच, स्टँडिंग चार्जची, म्हणजे वापर असो वा नसो, रोज लागणाऱ्या स्थिर आकाराची. "मी तर काहीच जाळलं नाही, मग हे कशाचे?" त्यांनी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण त्यांच्यासमोर ते सांगायला तोंड उघडेना. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून आज लिहायला बसले.

स्थिर आकार आपल्याकडेही आहे, महावितरणच्या बिलात सगळ्यांनी पाहिला असेल. पण आपल्याकडे त्याच्या जोडीला स्लॅब आहेत. पहिली १०० युनिट स्वस्त, मग १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. म्हणजे दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही एवढंच असलेल्या घराला युनिटमागे कमी पैसे पडतात आणि एसी लावणाऱ्याला जास्त. मी साताऱ्याच्या शाहूपुरीत लहानाची मोठी झाले. आई महिनाअखेरीला मीटर बघून "शंभराच्या आत आहोत गं" असं समाधानाने म्हणायची. त्या समाधानाला कागदावर आधार होता. इथे इंग्लंडमध्ये स्लॅब नाहीत. पहिल्या युनिटला जो दर, तोच शेवटच्या युनिटला. वर रोजचा ठरलेला आकार. जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत तो देशभराच्या सरासरीने विजेला दिवसाला सुमारे ६१ पेन्स आणि गॅसला सुमारे ३२ पेन्स होता. दोन्ही मिळून महिन्याला २८ पौंडांच्या वर, साधारण तीन हजार रुपये, आणि अजून एक बटणही दाबलेलं नसतं. जो जितकं कमी वापरतो, त्याला एकेक युनिट तितकं महाग पडतं. काटकसर करणाऱ्याला शिक्षा करणारा हिशेब आहे हा. माझ्या मनाला तो कधीच पटणार नाही.

हे पैसे कशाचे, तेही सांगते. तारा, पाइपलाइन, मीटर यांचा खर्च त्यात आहे आणि तो मला मान्य आहे. पण २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले आणि वर्षभरात तीसच्या आसपास वीज-गॅस विकणाऱ्या कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे हलवण्याचा जो खर्च आला, तो सगळ्या देशाच्या विजेच्या स्टँडिंग चार्जमध्ये घालून वसूल केला गेला. बुडाले व्यापारी आणि भरपाई आमच्या आजींच्या मीटरवर. आपल्याकडे असं काही झालं असतं तर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर मोर्चा निघाला असता. इथे लोक पत्र लिहितात. ऑफजेम नावाच्या नियामकाने २०२३ च्या शेवटी स्टँडिंग चार्जवर मतं मागवली, तेव्हा हजारो लोकांनी लिहून कळवलं. शिस्तीचं मला कौतुक आहे, पण पत्राने खोली गरम होत नाही.

घरच्यांना नेहमी फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे प्राइस कॅप. बातमीत येतं की सरकारने बिलावर मर्यादा घातली; जानेवारी ते मार्च २०२५ साठी ती वर्षाला १७३८ पौंड होती. साताऱ्यातून लगेच फोन येतो, "म्हणजे यापेक्षा जास्त येणारच नाही की!" येतं. मर्यादा आहे ती दरावर. १७३८ हा आकडा वर्षाला ११,५०० युनिट गॅस आणि २,७०० युनिट वीज वापरणाऱ्या सर्वसाधारण घराचा आहे. इथे गॅसही किलोवॅट-तासात मोजतात. त्या तिमाहीत तो युनिटला सहा पेन्सच्या थोडं वर होता आणि वीज जवळपास २५ पेन्स, म्हणजे चौपट. ११,५०० युनिट गॅस म्हणजे किती, हे कळायला मी हिशेब केला. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते. म्हणजे वर्षाला साठाहून जास्त सिलिंडर! त्यातला बहुतेक गॅस चार-पाच महिन्यांत फक्त भिंती ऊबदार ठेवायला जातो. हा आकडा सांगितला तेव्हा फोनवर पलीकडे पहिल्यांदाच शांतता पसरली.

नाहीतर एरवी ऐकून घ्यावं लागतंच. आत्याने व्हिडिओ कॉलवर माझ्या मुलीला घरात स्वेटर आणि कानटोपी घालून अभ्यास करताना पाहिलं आणि म्हणाली, "पौंडात पगार घेताय आन् पोरीला गारठ्यात बसवताय व्हय?" मला ते लागलं. आमचं घर दिवसा १८ अंशांवर असतं आणि हे मी अंदाजाने ठरवलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशातल्या घरांसाठी हाच किमान आकडा दिला आहे. साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे आमच्या जुन्या घरात याहून कमीच असायचं आणि तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. स्वेटर घालणं हे गरिबीचं लक्षण कधीपासून झालं?

"थंडी आमच्याकडं पण पडते की, वेण्णा लेकवर दव गोठलंय," असंही दरवर्षी ऐकवलं जातं. पडते, आणि त्या थंडीची आठवण मला इथे रोज येते. पण ती पहाटेची पाहुणी आहे. दहा वाजता गच्चीवर ऊन येतं, अजिंक्यतारा पिवळा धमक दिसायला लागतो, दुपारी तर पंखा लावतात. लीड्सला तापमान फार उतरत नाही, चार-पाच अंशांच्या आसपास रेंगाळतं, पण ते दिवसभर तिथेच राहतं. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. हवा ओली. सकाळचा गारठा घालवायला दुपार येतच नाही, त्यामुळे ऊब विकतच घ्यावी लागते.

त्यात आमचं घर रांगेतलं शेवटचं. लीड्समध्ये लाल विटांच्या लांबच लांब रांगा आहेत, शंभर वर्षांपूर्वीच्या. बॅक-टू-बॅक नावाचाही एक प्रकार इथे खूप आहे, त्यात घराच्या तीन बाजू दुसऱ्या घरांना चिकटलेल्या. आपण त्याला कोंडवाडा म्हणू, पण जानेवारीत तीच घरं ऊबदार असतात. आमची एक अख्खी भिंत उघड्यावर आहे. नंतरच्या काळातल्या भिंती दुहेरी, मधे पोकळी ठेवून बांधलेल्या असतात आणि त्या पोकळीत उष्णतारोधक भरता येतं. आमची भिंत सलग विटांची, मधे काही नाही. भाडेकरूने त्यात काय करावं? भाड्याच्या घराला ऊर्जेचा दाखला लागतो, ए ते जी अशा श्रेणींचा, आणि एप्रिल २०२० पासून ई च्या खालचं घर, ठरावीक अपवाद सोडता, भाड्याने देता येत नाही. आमचं बरोबर ई आहे. कायदा पाळला गेला आणि भिंत गार ती गारच.

म्हणून जे हातात आहे ते करतो. सगळ्यात जास्त फरक पडला तो बॉयलरच्या एका सेटिंगने, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून त्यातली उष्णताही परत मिळवतो, पण त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. बॉयलर बसवून देतात तेव्हा पाणी ७० ते ८० अंशांवर सोडलेलं असतं, मग ती वाफ तशीच बाहेर जाते. आम्ही ते ६० वर आणलं. रेडिएटर हाताला कमी गरम लागतात, खोली तापायला जरा वेळ लागतो, पण गॅस कमी जातो. हे टाकी नसलेल्या कॉम्बी बॉयलरसाठी आहे. टाकी असेल तर तिच्यातलं पाणी ६० च्या खाली ठेवायचं नाही, जंतू वाढतात. बाकी नेहमीचंच. रिकाम्या खोल्यांचे व्हॉल्व्ह कमी करायचे, अंधार पडला की पडदे ओढायचे, बाहेरच्या भिंतीवरच्या रेडिएटरमागे चंदेरी फॉइल लावायचं. इलेक्ट्रिक ब्लँकेट शंभर वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे दहा तासांत एक युनिट, वरच्या दराने पंचवीस पेन्स. अख्खं घर तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त.

आणि पुढच्या दाराला आम्ही माणदेशी घोंगडं टांगलंय. वडिलांनी दहिवडीकडून आणलेलं, काळं, खरखरीत, खास धनगरी. दाराच्या फटीतून येणारा वारा त्याने जसा अडवला, तसा दुकानातल्या महागड्या पडद्याने अडवला नव्हता. शेजारच्या आजींनी हात लावून पाहिलं आणि विचारलं, असं दुसरं मिळेल का? पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी एक आणणार आहे. डोंगरात मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांनी शतकानुशतकं वापरून पारखलेली गोष्ट आहे ती, आणि आपण ती माळ्यावर टाकून दिली.

काटकसरीला एक मर्यादा मात्र आहे, ती आईवडिलांनी नीट वाचावी. हीटिंग फार कमी केलं, खिडक्या गच्च लावल्या आणि कपडे घरातच वाळवले की भिंतीवर काळी बुरशी येते. पेनाइन्स डोंगरांच्या पलीकडे रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल अशा बुरशीच्या घरात राहून दगावलं. त्याच्या नावाने २०२३ च्या कायद्यात तरतूद झाली की सामाजिक घरांच्या, म्हणजे नगरपालिका किंवा संस्था कमी भाड्याने देतात त्या घरांच्या, मालकांनी ओल आणि बुरशीवर ठरलेल्या मुदतीत कारवाई करायची. म्हणून आमच्याकडे पोरीच्या खोलीत काटकसर नाही. तिथला रेडिएटर चालू असतो आणि ओल शोषणारं यंत्रही, मग बिल काहीही येवो. कानटोपी तिची ती हौसेने घालते.

आजींचे यजमान कोळशाच्या खाणीत होते. लीड्स ज्यात येतं त्या यॉर्कशरमधली कितीतरी गावं कोळशावर उभी राहिली आणि देशभरच्या शेगड्या त्यांनी पेटत्या ठेवल्या. केलिंग्ली ही शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. पेन्शनवाल्यांना थंडीसाठी मिळणारे २०० ते ३०० पौंड २०२४-२५ च्या थंडीत फक्त अगदी कमी उत्पन्नवाल्यांपुरते ठेवले गेले आणि आजी थोडक्यात त्या रेषेच्या वर राहिल्या. त्यांचं ऐकताना मला कोयना आठवली. १९६० मेगावॅटचा प्रकल्प, महाराष्ट्राची भाग्यरेखा म्हणतो आपण. पाटण आणि जावळीतल्या माणसांनी त्यासाठी घरं-शेतं पाण्याखाली दिली, आणि पुनर्वसनासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलनाला बसावं लागतं. ज्यांच्या जिवावर ऊर्जा निघते, त्यांच्याच घरी हिशेब कडक लागतो. यात इंग्लंड पुढारलेलं आणि आपण मागास असं मला काही दिसलं नाही.

एका बाबतीत इथलं वागणं मला खरंच आवडलं. लायब्ररीत गेलं की कुणी विचारत नाही का आलात. २०२२ च्या थंडीपासून, जेव्हा दर आभाळाला भिडले आणि सरकारला प्रत्येक घराला ४०० पौंड द्यावे लागले, तेव्हापासून लायब्ररी, चर्च, समाजमंदिरं यांनी ऊबदार जागा म्हणून दारं उघडी ठेवली. चहा देतात. आजी तिथे विणकाम करत बसतात. मी सोडायला जाते तेव्हा तिथल्या बाई त्यांची खुर्ची रेडिएटरजवळ ओढून ठेवतात, न सांगता.

येत्या सप्टेंबरला साताऱ्याहून शिकायला येणाऱ्या मुलामुलींनी एवढं करावं. खोली बघताना ऊर्जेच्या दाखल्याची श्रेणी विचारा, आणि रांगेतल्या मधल्या घरातली खोली मिळत असेल तर ती घ्या. मीटर कुठला आहे ते विचारा. आपल्याकडे २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरवरून वाद झाला, इथे प्रीपेड मीटर वर्षानुवर्षं आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानातून पैसे भरायचे, संपले की अंधार. उन्हाळ्यात गॅस वापरला नाही तरी स्टँडिंग चार्ज त्यावर साचत राहतो आणि थंडीत भरलेल्या पहिल्या पैशांतूनच तो आधी कापला जातो. "बिल भाड्यातच" असं लिहिलेलं असेल तर वापराची मर्यादा किती, हे करारात वाचा. आणि किल्ली हातात आली की बॅगा उघडायच्या आधी दोन्ही मीटरचा फोटो काढा, तारखेसकट, म्हणजे आधीच्या माणसाचा गॅस तुमच्या बिलात येणार नाही.