विदेश पानावर एक कॉलम

रविवारची रात्रपाळी कोणालाच नको असते. १३ डिसेंबर २०१५ च्या रविवारी ती माझ्या वाट्याला आली होती आणि वर विदेश पानही माझ्याच गळ्यात. मजकुराची ददात नव्हती. पॅरिसचा हवामान करार आदल्या दिवशी झालेला. सौदी अरेबियात बायकांनी पहिल्यांदाच मतदान केलं होतं, त्यातल्या काही जणी निवडूनही आल्या होत्या. फ्रान्समध्ये प्रादेशिक निवडणुकांची दुसरी फेरी चालू, म्हणजे निकाल आपल्याकडे मध्यरात्रीला. मी पान जवळपास लावत आणलं आणि चहाला उठणार, तेवढ्यात वृत्तसंस्थेच्या वायरवर काही ओळी पडल्या. बेनेडिक्ट अँडरसन यांचं इंडोनेशियाच्या पूर्व जावातल्या बातू या गावी झोपेत निधन. वय ७९.

मी एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. या माणसाचं 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' आमच्या वर्गानं एकाच झेरॉक्सवरून आळीपाळीनं वाचलेलं. त्यामुळे चहा राहिला.

"कोण हा?" रात्रपाळीच्या प्रमुखांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"सर, राष्ट्र म्हणजे काय, यावर लिहिणारा मोठा माणूस."

"आपल्या वाचकाला त्याचं काय? एका वाक्यात सांग."

"आपण रोज रात्री इथे जे करतो ना, त्यातून देश घडतो, असं म्हणणारा माणूस."

"मग आपल्याला ओव्हरटाइम का मिळत नाही, ते त्याला विचारायला हवं होतं," सर म्हणाले आणि सिंगल कॉलम दिला. दीडशे शब्द.

पहिलं घोडं अडलं हेडिंगपाशी. सिंगल कॉलमच्या हेडिंगात एका ओळीत दोन-तीन शब्दांपलीकडे काही बसत नाही, आणि परदेशी माणूस गेला की नावाआधी देश लावायची आमची रीत. आता याचा देश कोणता? जन्म १९३६ चा, चीनमधल्या कुनमिंगचा, कारण वडील तिथल्या सागरी जकात खात्यात नोकरीला. वडील आयरिश, आई इंग्लिश, सांभाळायला व्हिएतनामी दाई. १९४१ मध्ये कुटुंब चीनमधून निघालं आणि महायुद्धामुळे कॅलिफोर्नियात अडकलं. युद्ध संपल्यावर आयर्लंडमधलं वॉटरफर्ड. मग शिष्यवृत्तीवर ईटन, पुढे केंब्रिज. नोकरी जन्मभर अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात. जीव इंडोनेशियात, आणि शेवटचा श्वासही तिथेच. राष्ट्र ही माणसांनी मनात उभी केलेली गोष्ट आहे असं सांगणाऱ्याला मी तीन शब्दांत राष्ट्र चिकटवायला बसले होते. पान लावणारा मुलगा वैतागून म्हणाला, "मॅडम, पासपोर्ट कुठला होता ते टाका ना." नागरिकत्व आयरिश होतं. 'आयरिश इतिहासकार' असं गेलं. राज्यशास्त्रज्ञ बसलं नाही.

पुढे मला कळलं की त्याची आजी ओ'गॉर्मन घराण्यातली, आणि तिचे वडील आयर्लंडच्या होमरूलवाल्यांचे खासदार. होमरूल म्हटलं की आपल्याला १९१६ चे टिळक आठवतात. आधी माहीत असतं तर सरांना 'आपल्या वाचकाला काय' याचं उत्तर झटक्यात दिलं असतं.

मजकूर लिहिताना पुस्तकाचा मुद्दा कसा मांडायचा, याची मला चिंताच नव्हती, कारण तो समोरच्या स्क्रीनवर होता. अँडरसन म्हणतो, वर्तमानपत्राचं पान उघडा. एका बातमीचा शेजारच्या बातमीशी काडीचा संबंध नसतो. पॅरिसचा करार, सौदीतल्या बायका आणि फ्रान्सची मतमोजणी यांना एका पानावर बांधून ठेवतं ते काय? वरची तारीख. दुसरं काही नाही. माली हा देश दोन दिवस बातम्यांत झळकून मग महिनोन्‌महिने दिसला नाही, तरी वाचकाला तो नाहीसा झाला असं वाटत नाही. पात्र पडद्याआड गेलंय, कथा चालू आहे, हे तो धरून चालतो. आणि आपण सकाळी जे पान वाचतोय तेच पान त्याच सकाळी आपल्याला अनोळखी असलेली लाखो माणसं वाचताहेत, याची त्याला खात्री असते. आधुनिक माणसाच्या सकाळच्या प्रार्थनेची जागा वर्तमानपत्रानं घेतली, हे जर्मन तत्त्ववेत्ता हेगेलचं म्हणणं अँडरसननं इथेच आणलंय. मुंबईत ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेव्हा नेमकं हेच सुरू झालं असणार. दरवर्षी पत्रकार दिनाच्या भाषणांतून मात्र हे कोणी बोलत नाही, लेखणी आणि तलवारीतच सगळं आटोपतं.

हे सगळं मी दीडशे शब्दांत कोंबलं. शेवटी एक परिच्छेद इंडोनेशियाचा. पान जवळजवळ सुटलंच होतं, आणि फ्रान्सचा निकाल आला. उजव्या नॅशनल फ्रंटला एकही प्रांत मिळाला नव्हता. ती बातमी वाढली, आणि माझ्या दीडशेचे नव्वद करायचा हुकूम आला.

"पुस्तकाचं ठेव, खालचं उडव," सर म्हणाले. बरोबरच होतं म्हणा. निधनवार्तेत माणूस ज्यासाठी ओळखला जातो ते राहतं. पण मला ते पटेना. मी त्यांना खालचा परिच्छेद नीट वाचायला लावला. डेडलाइन तोंडावर असताना हे करायची पद्धत नाही.

त्यात होतं ते असं. १९६५ च्या ३० सप्टेंबरच्या रात्री जकार्तात सहा जनरल आणि एक लेफ्टनंट यांना उचलून ठार मारलं आणि प्रेतं लुबांग बुआया इथल्या विहिरीत टाकली. ४ ऑक्टोबरला ती बाहेर काढली. लष्करानं तोवर बाकीची बरीच वर्तमानपत्रं बंद केली होती, लष्कराची स्वतःची चालू होती. त्यांत छापून आलं की कम्युनिस्ट बायकांनी सेनापतींचे डोळे काढले, गुप्तांगं कापली. पुढच्या काही महिन्यांत किमान पाच लाख माणसं मारली गेली. कम्युनिस्ट, कम्युनिस्टांचे शेजारी, नुसता संशय असलेले.

अँडरसन तेव्हा कॉर्नेलला होता. जावात दोन-अडीच वर्षं काढून नुकताच परतलेला. त्यानं रूथ मॅकव्हे आणि फ्रेडरिक बनेल यांना घेऊन कॉर्नेलच्या ग्रंथालयात येणारी इंडोनेशियाची वर्तमानपत्रं, अगदी जिल्ह्याजिल्ह्यांची, चाळून काढली. जानेवारी १९६६ मध्ये त्यांचा निष्कर्ष तयार होता: हे कम्युनिस्टांचं कारस्थान नव्हे, लष्कराच्या आतलंच भांडण आहे. तो कागद गुप्त ठेवायचा होता, पण फुटला. १९७२ मध्ये अँडरसनला देशात यायला बंदी झाली, ती त्या हत्याकांडातून सत्तेवर आलेला जनरल सुहार्तो १९९८ मध्ये पायउतार होईपर्यंत. बंदी आली म्हणून तो स्वस्थ बसला नाही. थाई शिकला, फिलिपिन्सची तागालोग शिकला, तिथल्या होसे रिसाल या राष्ट्रवादी कादंबरीकारावर लिहिलं. आणि १९८७ मध्ये त्यानं त्या सात प्रेतांचे शवविच्छेदन अहवाल छापले. एका जुन्या खटल्याच्या कागदपत्रांच्या भाऱ्यात ते त्याला सापडले होते. तपासणी झाली होती ४ ऑक्टोबरच्या रात्री, लष्करी रुग्णालयात, खुद्द सुहार्तोच्या हुकमानं. अहवालात गोळ्यांच्या जखमा होत्या, बोथट वस्तूंचा मार होता. कोणाचं गुप्तांग कापलेलं नव्हतं. म्हणजे वर्तमानपत्रांत राक्षसिणींच्या कहाण्या रंगत होत्या तेव्हा खरं काय ते सुहार्तोच्या दफ्तरी सहीशिक्क्यानिशी पडून होतं.

वर्तमानपत्रानं देश घडतो, एवढंच लोक अँडरसनच्या नावावर सांगतात. राज्यशास्त्रज्ञ पार्थ चॅटर्जींनी त्यावर घेतलेला आक्षेपही आमच्याकडे वर्गात शिकवला जातो: युरोप-अमेरिकेनं साचे आधीच तयार करून ठेवले असतील, तर आम्ही कल्पायचं तरी काय? आक्षेप रास्तच आहे. पण जकार्ताचा हा भाग शिकवताना कोणी भेटलं नाही. अनोळखी माणसांना एकमेकांची भावंडं करणारं तेच पान त्यांना एकमेकांच्या गळ्यावर घालू शकतं, हे या माणसानं कागद समोर ठेवून दाखवलं. माझ्या लेखी हे त्याचं मोठं काम, पुस्तकाच्या बरोबरीचं.

सर वाचत होते. मग खुर्ची मागे ढकलून म्हणाले, "आमच्या गावाला दंगल झाली तेव्हा एका सांजदैनिकात असंच आलं होतं. बायकांचं. कापल्याचं." गावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. "दोन दिवसांनी आत खुलासा होता. चार ओळी." थोडं थांबून म्हणाले, "पुस्तकाचं नाव आणि साल ठेव. बाकी नव्वद शब्द हे घे. तारीख, प्रार्थना ते सगळं काढ."

मी काढलं. प्रार्थनेचं काढताना जिवावर आलं.

पान सुटल्यावर चहा झाला, तेव्हा सरांनी विचारलं की हा माणूस या वाटेला लागलाच कसा. मी केंब्रिजचं सांगितलं. १९५६ मध्ये ब्रिटननं सुएझ कालव्यापायी इजिप्तवर केलेल्या हल्ल्याविरुद्ध भारतीय आणि सिलोनी विद्यार्थी निदर्शनं करत होते, त्यांच्यावर दांडगी इंग्रज मुलं 'गॉड सेव्ह द क्वीन' गात तुटून पडली. हा मध्ये पडला आणि चष्मा फोडून घेतला. तोवर राजकारणाशी याचा संबंध नव्हता, ग्रीक-लॅटिन शिकत होता. सरांना हे भलतंच आवडलं. "हे का नाही घातलंस?" नव्वद शब्दांत, सर?

सोमवारी दुपारी एका वाचकाचा फोन आला. आवाजावरून कॉलेजातला मुलगा वाटला. अहवाल कुठे मिळेल म्हणत होता. कॉर्नेलचं 'इंडोनेशिया' नावाचं नियतकालिक आहे, त्याचे जुने अंक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ते मी त्याला सांगितलं. शेजारी बसलेल्या आमच्या ट्रेनी मुलीनं कान टवकारले आणि लगेच शोधायला घेतलं. संध्याकाळी तिनं ते वाचून संपवलं होतं. प्रेतामागून प्रेत, जखमेमागून जखम, कुठे आत गेली, कुठून बाहेर पडली, किती सेंटिमीटर.

"ताई, किती कोरडं आहे हो हे," ती म्हणाली, "यातून हेडिंग काय काढायचं?"