33 ग्रॅम

लोकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवून देणं हा माझा धंदा. मुंबई-गोवा ही फेरी दर डिसेंबरात एखादी तरी होतेच. साधारण सव्वादोनशे सागरी मैल, वारा बरा असला तर दोन रात्री. निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना आपापलं सामान कॉकपिटमध्ये, म्हणजे डेकवरच्या बसायच्या खोलगट जागेत, मांडायला लावतो, रुखवतासारखं.

त्या खेपेला बोटीचे मालक पुण्याचे, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी आणि वर्षभर बोट सांभाळणारे हर्णैचे तांडेल काका. मालकांनी तीन थरांच्या कापडाचा, छातीपर्यंत चढणाऱ्या पँटचा सूट परदेशातून मागवला होता. रंग गडद निळा. आता 2017-18मध्ये 'तारिणी' या नौदलाच्या शिडाच्या बोटीवरच्या महिला अधिकारी गोव्याहून निघून दक्षिण अमेरिकेच्या गारठलेल्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून आल्या, त्यांना असला सूट पाहिजेच. आपल्याकडे डिसेंबरातही पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतं. त्या सुटात मालक अलिबागच्या आतच उकडून निघणार होते. शिवाय पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, त्यावर निळी टोपी ओढली तर तेवढंही नाही. पातळ भगवा रेनकोट आणि आत पॉलिस्टरचा बनियन, एवढ्यात भागतं. मुलीची जीन्स मात्र मी परत पाठवली. सुती कपड्यात मीठ मुरलं की ते हवेतली ओल ओढत राहतं. कपडा गोव्यापर्यंत वाळत नाही आणि पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यात दात वाजतात.

"लाइफजॅकेटं?" मी विचारलं.

बोटीवर चार होती, आपोआप फुगणारी. पाणी लागलं की आतली गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते, सुई गॅसच्या सिलिंडरला भोक पाडते. गंमत अशी की गोळीला पाणी आणि मुंबईचा जुलै यातला फरक कळत नाही. म्हणून मी कव्हर उघडून बघतोच. वरून दिसणारं हिरवं निशाण खरं सांगेल याची खात्री नसते.

काकांना मार्केटात पाठवून किराणावाल्याकडून छोटा काटा आणवला. प्रत्येक सिलिंडरवर त्याचं भरलेलं वजन ठोकलेलं असतं. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं 33 ग्रॅम कमी, म्हणजे आत होता तेवढा सगळा गॅस गेलेला. सिलिंडर उलटं धरलं तर तोंडाशी टाचणीएवढं भोक, कडेला हिरवट गंज. आणि जॅकेटची घडी कशी? इस्त्रीवाल्याने घातल्यासारखी.

"हे तर माझं," मालक म्हणाले. "दिवाळीपासून दर रविवारी हेच घालतोय."

कोणी काही बोलेना. मग काका जाळीकडे बघत म्हणाले, "मीच गुंडाळलं, साहेब. पावसात लॉकर उघडला तर ते फुगून बसलेलं. हवा काढली आणि ठेवलं. म्हटलं, माझ्याकडून बिघडलं म्हणाल."

मालक तोंड उघडणार तेवढ्यात मीच विचारलं, "काका, ते परत भरावं लागतं हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" नव्हतं सांगितलं. बोट घेताना जॅकेटं घेतली, माहितीपत्रक इंग्रजीत, तेही पुण्याला. मालक गप्प झाले. माझ्या पिशवीत सिलिंडर-गोळीचा एक जादा संच होता, तो बसवून टाकला. मग प्रत्येक जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चारही टणक होती.

मांड्यांमधून जाणारा पट्टा मालकांना नको होता. माणसाला बोटीशी जखडून ठेवणारा हार्नेसचा दोरही नको. "दावणीला बांधल्यासारखं वाटतं." मी त्यांना 1979ची, वादळात सापडलेली शिडाच्या बोटींची फास्टनेट शर्यत सांगितली. पंधरा शिडवाले गेले, त्यातले सहा हार्नेस किंवा तो जिथे अडकवला ती जागा तुटल्यामुळे. "दावं तरी तुटकं नको," मी म्हणालो. नाखुशीने घातलं त्यांनी.

खांदेरी, मुरूड सगळं निवांत गेलं. मध्यरात्री हर्णैच्या बाहेर, मतलई वारा डावीकडून, बोट उजवीकडे कललेली, मालक पुढचं शीड उतरवायला नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे गेलेले. अचानक बोट धक्का बसून अडली. सुकाणूत जाळ्याचा दोर. मालकांचे पाय सुटले आणि ते पोटावर घसरत उजव्या काठाकडे निघाले.

मी त्यांना हार्नेसच्या दोराचं आखूड टोक, एक मीटरवालं, डेकवर लांबीने ताणलेल्या वाऱ्याकडच्या पट्ट्याला अडकवायला लावलं होतं. हुक ताणला जाऊन खट् वाजलं आणि ते थांबले. बूट कठड्याखालून बाहेर, बाकी माणूस डेकवर. दोन मीटरवालं टोक असतं तर कमरेपर्यंत बाहेर लोंबकळले असते, आणि अडलेल्या, डुलणाऱ्या बोटीवर तिघांनी ओढूनही चिंब माणूस वर येणं सोपं नाही. मुलगी एकदाच "बाबा!" ओरडली. ते उठून बसले, हुक चाचपला, पुन्हा चाचपला.

मी चाकू काढला तर काकांनी हात धरला. "कुणाचं तरी जाळं आहे, कापू नका." बोटहुकाने दोर खाली दाबून सुकाणूखालून सोडवायला त्यांना वीस मिनिटं लागली. अंगात बिनबाह्यांचा प्लास्टिकचा कोट, कमरेला दावं. तो सूट एव्हाना खाली बंकवर पडला होता, घामाने ओला.

तिसऱ्या दिवशी पहाटे आग्वादचा दिवा दिसला. मांडवीत नांगर टाकल्यावर मालक काट्याची बॅटरी बघत बसले. काट्याचे पैसे मी धरले नव्हते, म्हटलं परत देतो किराणावाल्याला.

"राहू दे बोटीवर," ते म्हणाले. मग काकांना मार्कर देऊन म्हणाले, "काका, प्रत्येकावर आजचं वजन मराठीत लिहा. आणि फुगलेलं सापडलं तर थेट फोन करा. रात्रीसुद्धा."

काकांनी चारही सिलिंडर ओळीने मांडले आणि चष्मा मागितला.