‘आणि सोबती’मधला आपला माणूस

माझ्या आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. विचारलं की म्हणायची, “संत योसेफाच्या महिन्यात, सणाच्या आधी.” म्हणजे मार्च; सण १९ तारखेला. भाताची पेरणी सांत आंतोनच्या सुमाराला, म्हणजे १३ जून. घरातल्या गेलेल्यांची नावं काढायची ती सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला. आकडे लागायचे ते आम्हालाच.

मी आल्टर बॉय, म्हणजे चर्चमध्ये उपासनेच्या वेळी फादरांच्या हाताखालचा मुलगा, असताना एकदा सांत आंतोनच्या सकाळी फादरांसाठी लाल झगा काढून ठेवला. सण आहे, मग लाल, एवढंच माझं गणित. फादर हसले, म्हणाले, “अरे, हा अंथरुणावर मेला. लाल रक्त सांडलेल्यांचा, याला पांढरा.” मग डांबरगोळ्यांच्या वासाचा तो कप्पा पुन्हा उघडून दोघांनी मिळून पांढरा शोधला. त्याच दिवशी कळलं की संताचा सण म्हणजे बहुतेक वेळा त्याची पुण्यतिथी. जयंत्या तिघांच्याच : येशूची २५ डिसेंबर, मारियेची ८ सप्टेंबर आणि बाप्तिस्ता योहानाची २४ जून.

आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. आधी जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, मग व्यापारात पडला, शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यात हा. त्याआधी कानाची पाळी कापून भर थंडीत क्योटोहून तिथवर चालवत नेलं होतं.

पण ५ तारीख आधीच सिसिलीच्या संत आगाथाची. ती तिसऱ्या शतकातली हुतात्मा, तिचा मान मोठा. म्हणून हे सव्वीस जण ६ तारखेला. आणि रोमच्या कॅलेंडरात नाव काय? ‘संत पॉल मिकी आणि सोबती’. आपला माणूस ‘आणि सोबती’मध्ये! वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, पण तिकडे त्याचं नावसुद्धा नाही. मला हे अजून खटकतं. बाबा दर जानेवारीत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ६ तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने ‘गोन्सालो’ लिहायचे, बहुधा त्यामुळेच.

२००८ साली ईस्टर फार लवकर आला, २३ मार्चला. त्यामुळे नेमका ६ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस; कपाळाला राख लावायचा. त्या दिवसापुढे कुठल्याच संताचं चालत नाही, हुतात्मा असला तरी. संतांच्या तारखा ठरलेल्या, ईस्टर मात्र चंद्राबरोबर सरकतो, आणि दोघांची गाठ पडली की सरकायचं संतानेच.

मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादर जांभळ्या झग्यात आले. आजी माझ्या कानाशी लागली, “आज लाल नाय?”

“आज राख, आजी.”

“थांबेल तो,” बाबा पलीकडून पुटपुटले. “संत व्हायला १८६२पर्यंत थांबलाच होता.”

आजी काही बोलली नाही. घरी आल्यावर कपाळावरची राख तशीच ठेवून ती परसात गेली, जास्वंदीचं एक लाल फूल तोडून आणलं आणि खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरमागे, बाबांच्या पेन्सिलीच्या चौकोनावर येईल असं खोचलं.