सागवानी कॅबिनेट आणि 2.6 मिलिमीटर

संगणकाचे लाकडी कॅबिनेट स्वतः करून घ्यायचे ठरवल्यावर सगळ्यांनी मला सुताराबद्दल सावध केले होते. आगाऊ पैसे देऊ नका, तारखेवर विश्वास ठेवू नका, वगैरे. प्रत्यक्षात आमच्या मिस्त्रींनी चार दिवसांत सागवानाची पेटी डव्हटेलच्या (एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या) सांध्यांसह हातात ठेवली, आणि तिच्या आत बसणारा ॲल्युमिनियमचा एक वाकवलेला पत्रा मिळवायला मला अकरा आठवडे लागले. तो पत्रा लेझरवर कापायला दोन मिनिटे आणि प्रेसवर वाकवायला फार तर पाच मिनिटे लागतात, हे मी शेवटी तिथे उभा राहून पाहिले आहे, त्यामुळे माझी चिडचिड अजून पुरती गेलेली नाही.

मला बैठकीच्या खोलीतील फडताळात मावेल असा, जुन्या रेडिओसारखा बुटका आणि रुंद संगणक हवा होता. बाजारात मिळणारे साधे कॅबिनेट चाळीस लिटरच्या पुढे जाते. माझे बाहेरून 332 × 212 × 104 मिलिमीटर, म्हणजे सव्वासात लिटरच्या आसपास आहे. हे जमते ते मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाच्या मदरबोर्डमुळे (संगणकाचे सगळे भाग ज्याला जोडले जातात तो मुख्य बोर्ड). तो 170 मिलिमीटरचा चौरस असतो आणि त्याच्या चार भोकांच्या जागा ठरलेल्या असतात. त्याच्या शेजारी एसएफएक्स या छोट्या आकाराचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आडवा ठेवला, ज्याचे माप 125 × 100 × 63.5 मिलिमीटर असते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही; रायझन 5 5600जी या प्रोसेसरमध्ये चित्रासाठी लागणारा भाग आतच असतो आणि त्याची उष्णता 65 वॅटच्या वर्गातील आहे. त्यावर 37 मिलिमीटर उंचीचा कूलर, म्हणजे त्याला थंड ठेवणारा पंखा, बसवला. स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खुंट), बोर्ड, सॉकेट (प्रोसेसरची खोबण) आणि कूलर मिळून 52 मिलिमीटर होतात, म्हणजे 78 मिलिमीटर उंचीच्या पत्र्याच्या सांगाड्यात पंख्याच्या डोक्यावर सुमारे 25 मिलिमीटर मोकळे राहतात. ही आखणी मार्च महिन्यात आठवड्याभराच्या रात्रींत झाली आणि तिच्यात सांगण्यासारखी अडचण आली नाही. एक गोष्ट मात्र जरूर करावी. आराखडा कागदावर खऱ्या मापात छापून, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवून, सगळे भाग त्यावर मांडून पाहावेत. छापताना प्रिंटर परस्पर चित्र पानात बसवण्यासाठी लहान करतो. तो पर्याय बंद करून कागदावर पट्टी लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लाकूड घरचेच होते. मावशीच्या वाड्यातील कपाटाची दोन दारे माळ्यावर पडून होती. जुने सागवान चांगले वाळलेले असते हा त्याचा मोठा गुण, आणि त्यात मोडके खिळे दडलेले असतात हा दोष. मिस्त्रींनी रंधा हातात घेण्याआधी प्रत्येक फळीवरून स्पीकरमधून काढलेला एक गोल लोहचुंबक हळूहळू फिरवला. तीन ठिकाणी तो चिकटला आणि तिन्ही ठिकाणी वरून काहीही दिसत नव्हते. मग फळ्या 12 मिलिमीटरपर्यंत उतरवून त्यांनी मला विचारले, "आत काय बसणार ते आणून ठेवा ना, मग कापतो." मी त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की माप पक्के आहे, आतून रुंदी 308 आणि उंची 80 धरून कापा. संपूर्ण कामात माझी सर्वांत महागडी चूक हीच झाली.

आता पत्रा. आतला सांगाडा म्हणजे दीड मिलिमीटर जाडीचा एकच पत्रा, मागे आणि पुढे काटकोनात वर वाकवलेला. तळ 205 मिलिमीटर, दोन्ही उभ्या बाजू 78. मागच्या बाजूला बोर्डाच्या पोर्टांसाठी (तारा जोडण्याच्या जागांसाठी) 158.75 × 44.45 मिलिमीटरची चौकट आणि एसएमपीएससाठी दुसरी. लाकडी पेटी ही पुढून आणि मागून उघडी असलेली बाही. ती या सांगाड्यावर सरकवायची. मदरबोर्ड थेट लाकडावर का बसवला नाही असे मला पुष्कळांनी विचारले. एसएमपीएसचे लोखंडी अंग स्क्रूने पत्र्याला जोडले जाते आणि तिथून तिसऱ्या पिनेमार्फत अर्थिंग मिळते. नुसत्या लाकडी पेटीत बोर्डाच्या स्क्रूंना आणि तुमच्या हाताला लागणाऱ्या धातूच्या बटणाला ते मिळत नाही. पत्रा रंगवून घेणार असाल तर स्क्रूच्या जागा रंगाशिवाय ठेवायला सांगा. मी रंगवलाच नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी भोसरी एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फाइल दिली. मालक अतिशय सौजन्याने बोलले, चहा मागवला आणि म्हणाले, "एकच पीस आहे ना साहेब, दुसऱ्या लॉटमध्ये टाकून देतो, तुम्हाला स्वस्तात पडेल." या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. लेझरच्या टेबलावर पूर्ण पत्रा चढवतात आणि एका पत्र्यावर अनेक भाग दाटीने मांडून कापतात. माझा एकुलता एक भाग कापायचा तर त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचे दुसऱ्या कोणाचे तरी काम यावे लागणार होते, आणि त्या वर्कशॉपकडे येणारे बहुतेक काम लोखंडाचे आणि स्टेनलेस स्टीलचे होते. म्हणजे मी ज्या रांगेत उभा होतो तिच्यात माझ्या पुढे कोणीच नव्हते आणि रांग तरीही हलत नव्हती.

पहिले दोन आठवडे मी फोन केला नाही, कारण लहान कामासाठी मागे लागणे बरे दिसत नाही असे मला वाटले. हा भिडस्तपणा कोणीही करू नये. तिसऱ्या आठवड्यात "माल आला की पहिला नंबर तुमचाच" असे उत्तर मिळाले, चौथ्या आठवड्यातही तेच, शब्दसुद्धा न बदलता. मग मी एक दिवस रजा काढून, अर्धे शहर ओलांडून स्वतः गेलो, तर फाटकाला कुलूप. तो गुरुवार होता. भोसरीतील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे पिंपरी-चिंचवडमध्ये शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मला, पुण्यात पंचवीस वर्षे राहून, ते कुलपासमोर उभे राहिल्यावर आठवले. शेजारच्या टपरीवाल्याने हसू आवरत मला शुक्रवारी यायला सांगितले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्रा आला. कडा स्वच्छ, भोके गोल, काटकोन गुण्याला बरोबर. घरी येऊन मी पेटी त्यावर सरकवली आणि ती मागच्या कडेशी अडली. बारीक माप घेणारा व्हर्नियर लावला तेव्हा उभी बाजू 78 ऐवजी 80.6 मिलिमीटर निघाली. पेटीची आतली उंची 80. पोर्टांची चौकटही तेवढीच वर गेलेली असल्यामुळे एचडीएमआयच्या पोर्टाची खालची कड पत्र्याआड लपली होती, आणि एसएमपीएसला मागून स्क्रू लावले तर तो तळापासून 2.6 मिलिमीटर अधांतरी लटकत होता. मिस्त्रींनी पेटी आतून रंधून देण्याची तयारी दाखवली, पण वर गेलेल्या चौकटीवर रंध्याचा काही उपाय नव्हता.

झाले होते ते असे. पत्रा वाकवताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला ताणला जातो, त्यामुळे वाकवलेल्या भागाची बाहेरून मोजलेली मापे मिळवली तर बेरीज सपाट पत्र्याच्या लांबीपेक्षा जास्त भरते. म्हणून सपाट आराखड्यातून प्रत्येक वळणामागे ठरावीक वजावट करावी लागते. मी फाइलमध्ये सरळ 78, 205 आणि 78 यांची बेरीज करून 361 मिलिमीटर लांबी काढली होती. वजावटीबद्दल मी विचारले होते हे मला स्पष्ट आठवते, कारण त्यावर "बेंडिंगचे आम्ही बघून घेतो, ते तुमचे काम नाही" असे उत्तर मिळाले होते. ते कोणी बघितले नाही. प्रेसवरच्या कारागिराने समजूतदारपणे तळ बरोबर 205 ठेवला आणि वाढीव सगळे दोन्ही उभ्या बाजूंना वाटून दिले. चूक कोणाची यावर फोनवर दहा मिनिटे गेली. शेवटी दुसऱ्या पत्र्याचे अर्धे पैसे मी द्यायचे ठरले आणि काम पुन्हा त्याच न हलणाऱ्या रांगेत जाऊन बसले.

या वेळी मी शहाणा झालो होतो. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता वर्कशॉपवर गेलो, कारागिराला दादा म्हणून हाक मारून पहिल्या पत्र्याच्या कापातून उरलेली 100 मिलिमीटर लांबीची एक पट्टी मागितली आणि ती त्याच प्रेसवर, त्याच साच्यात मधोमध वाकवून घेतली. दोन बाजू बाहेरून मोजल्या: 51.8 आणि 50.8. बेरीज 102.6, म्हणजे वजावट 2.6. एवढ्या दोन मिनिटांच्या उद्योगाने मला फ्रीकॅड या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधील सगळ्या गणितापेक्षा भरवशाचा आकडा दिला, कारण तो त्या पत्र्याचा, त्या साच्याचा आणि त्या हाताचा होता. त्यानंतर सपाट लांबी 355.8 ठेवून, वळणरेषा आणि चौकटी त्याप्रमाणे खाली घेऊन मी नवी फाइल दिली, आणि सोबत एक छापील कागद दिला, ज्यावर फक्त वाकवल्यानंतरची बाहेरची मापे मोठ्या अंकांत होती. कारागीर फाइल पाहत नाही. तो कागद मशीनला चिकटवतो. फाइल देताना एकक मिलिमीटर आहे हेही तोंडाने सांगावे, कारण ती इंच समजून उघडली गेली तर प्रत्येक माप 25.4 पट होते.

तरीही माल येण्यासाठी आणखी पाच आठवडे गेलेच. मध्ये त्यांनी दोन मिलिमीटरचा पत्रा तयार आहे, तो चालेल का, असे विचारले. मोह झाला होता, परंतु जाडी बदलली की वजावट बदलते आणि पट्टीचा सगळा खटाटोप नव्याने करावा लागतो, म्हणून नाही म्हणालो. पुन्हा असे काम निघाले तर मी आधी फोन करून "तुमच्याकडे आज कोणत्या जाडीचा कोणता पत्रा लागलेला आहे" एवढेच विचारीन आणि आराखडा त्यावर बेतीन. हे मला कोणी एप्रिलमध्ये सांगितले असते तर जून महिना वाचला असता.

दुसरा सांगाडा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हाती आला तेव्हा बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि इकडे पेटीने स्वतःचे माप बदलले होते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रेषांना आडवे फुगते. सागवान यात पुष्कळ सोशिक आहे, तरी ओले ते पूर्ण कोरडे या प्रवासात ते एका दिशेने साधारण पाच टक्के आकसते. आमच्या पेटीची खोली मे महिन्यात 212 होती, जुलैत 213.5 भरली. रुंदी आणि उंची मात्र जागच्या जागी होत्या, कारण मिस्त्रींनी चारही फळ्यांच्या रेषा पेटीभोवती फिरतील अशा ठेवल्या होत्या. मी त्यांना तसे सांगितलेले नव्हते. त्यांनी ते न विचारता केले. पेटी सांगाड्यावर हाताच्या एका दाबाने, हलकासा सुस्कारा सोडत सरकली आणि मी ती त्या संध्याकाळी उगाचच सात-आठ वेळा काढून घातली. खालून जे चार स्क्रू पेटीला धरतात त्यांची भोके मी लांबट ठेवली आहेत, नाहीतर फुगणाऱ्या लाकडाला घट्ट धरून ठेवल्यास ते सांध्यात तरी फाटते किंवा फळीत तरी.

हवेच्या बाबतीत लाकडाकडून काही अपेक्षा ठेवू नये. ॲल्युमिनियमची पेटी थोडी तरी उष्णता अंगावाटे बाहेर टाकते, लाकूड ती धरून बसते. वरच्या फळीत कूलर आणि एसएमपीएस या दोन्हींच्या पंख्यांवर मी चार मिलिमीटरच्या खाचा पाडून घेतल्या होत्या. खोलीत 29 अंश असताना व्हिडिओचे जड काम लावले आणि प्रोसेसर 91 अंशांवर गेला. त्याची मर्यादा 95 आहे. खाचा सात मिलिमीटर केल्यावर तो 79 वर स्थिरावला. खाचा रेषांच्या दिशेनेच पाडाव्यात, आडव्या पाडल्या तर मधल्या पट्ट्या बोटाच्या दाबानेही तुटतात.

समोरच्या बाजूला धातूची जाळी न लावता वेताची जाळी लावली, खुर्च्या विणून देणाऱ्यांकडून उरलेला तुकडा आणून. ती तासभर पाण्यात भिजवून ओली असतानाच चौकटीवर ताणायची. वाळताना ती आपोआप आवळली जाते. पावसाळ्यात माझी किंचित सैल पडली आहे, दिवाळीपर्यंत परत ताणली जाईल असे विणणाऱ्या काकांनी सांगितले आहे. पहिला सांगाडा अजून माळ्यावर आहे. 81 मिलिमीटर आतल्या उंचीची पेटी कधी करायची झाली, तरी पोर्टांच्या चौकटीमुळे तो उपयोगाचा नाही, पण टाकून द्यायला हात होत नाही.