हांकोच्या झुडपातला

"हा तर एव्हाना तुमच्याकडे भारतात पोचायला हवा होता," दुर्बिणीतून डोळे न काढता शेजारचे फिनिश आजोबा म्हणाले.

समोर विलोच्या झुडपात ह्यूमचा पर्णवटवट्या हा पक्षी. जेमतेम सहा-सात ग्रॅमचा जीव. फिनलंडचं दक्षिण टोक हांको, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, समुद्रावरून बोचरा वारा. उरलेल्या चार पिवळ्या पानांच्या खालून तो किडे टिपत होता. प्रत्येक टिपणीनंतर पंखांची बारीकशी फडफड. मग एकदाच "विसू" असा आवाज आला आणि माझ्या पोटात कालवलं. हाच आवाज सिंहगडाच्या पायथ्याशी कितीदा ऐकलाय! तिथे आम्ही मान वर करून बघायचोही नाही.

आल्ताय, तिएन शान, हिमालय या डोंगरांत हे पक्षी वाढतात आणि हिवाळ्यात भारतात उतरतात. एखाद्याची दिशा चुकते, तो उलटा पश्चिमेकडे येतो. इथे मग दुर्मीळ पक्ष्याची बातमी फिरते, लोक शेकडो किलोमीटर गाडी हाणत येतात. याला इकडे 'बोंगाउस' म्हणतात. मीही हेलसिंकीहून सव्वाशे किलोमीटर आलेच की.

दहा मिनिटांत बहुतेकांनी यादीत नोंद केली आणि गेले. आजोबा थांबले. सव्वाचारला सूर्य मावळला, तरी थांबलेच. "रात्री उणे तीन आहे," एवढंच बोलले.

घरी आले तरी ते झुडूपच डोळ्यांसमोर आहे.

सिंहगडाकडचे यंदाचे पोचले का हो? कुणी ऐकलं असेल तर सांगा.