पांढऱ्या घोड्यांची काळी शिंगरं

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले पांढरे लिपिझानर घोडे पाहायला जगभरातून लोक येतात. ते जन्मतात मात्र इकडे ऑस्ट्रियातल्या आमच्या श्टायरमार्क प्रांतात, ग्राझच्या पश्चिमेला पीबरच्या पैदासकेंद्रात. घरी पाहुणे आले की मी त्यांना तिथेच नेते. वसंतात गेलं तर कुरणात पांढऱ्याशुभ्र घोड्या आणि त्यांच्या पोटाशी लुचणारी काळी, तपकिरी शिंगरं. ‘हे हिचं नसेलच!’ असं कोणीतरी हमखास म्हणतं.

असतं तिचंच. लिपिझानर मुळात पांढरा नसतोच. जन्मतो गडद, मग दरवर्षी थोडा उजळतो आणि सहा ते दहा वर्षांचा होईतो पांढरा दिसू लागतो. कातडी काळीच राहते. सारंगखेड्याच्या बाजारात पांढरा घोडा दिसला तर त्याच्या नाकपुड्या नि डोळ्यांभोवतीची कातडी पाहा. काळी असेल तर तोही बहुधा लहानपणी गडदच होता.

यामागे एकच जनुकीय बदल आहे. २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या गटाने तो शोधला: एसटीएक्स१७ या जनुकातला सुमारे ४,६०० डीएनए-अक्षरांचा तुकडा एकापेक्षा जास्त वेळा लिहिला गेलाय. केसांच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी त्यामुळे लवकर संपतात. कातडीतल्या रंगपेशी मात्र उलट वाढत सुटतात, आणि या रंगाची खरी किंमत तिथे मोजावी लागते. पंधरा वर्षांवरच्या अशा दहा घोड्यांपैकी सात-आठ जणांना शेपटीखाली, ओठांवर मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या, गाठी येतात. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं निरुपद्रवी राहतात, सगळ्या नाही. १५८० साली लिपित्साला (आता स्लोव्हेनियात) ही पैदास सुरू झाली, तेव्हा कळपात काळे, तपकिरी, अबलख असे सगळे रंग होते. पुढे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या दरबाराला पांढरेच हवे झाले. राजेशाही जाऊन शंभर वर्षं झाली, तिची आवड मात्र घोडे अजून अंगावर वागवतात. मला हे थोडं खटकतंच.

हा बदल प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी घोडा पांढरा होतो. दोघांकडे त्याची एकेकच प्रत असेल तर सरासरी चार शिंगरांत एक जन्मभर गडद राहतं. अशा एका तपकिरी घोड्याला व्हिएन्नाच्या पागेत मोठा मान. तो असला की शाळेला बरकत, अशी तिथली जुनी समजूत. गंमत अशी की फक्त दोन-दोन प्रतींचे, निखळ पांढरे वळू घोडे पैदाशीला वापरत राहिलं तर हा शुभशकुनी घोडा जन्मालाच येणार नाही. त्याच्यासाठी पांढऱ्या आई-बापांत गडद रंग लपलेला राहू द्यावा लागतो.